मोडक्या पेटीच्या दोन फळ्या

देवाशी माझं भांडण असं कधी झालं नव्हतं. ते झालं मंडईत. एकादशीच्या नैवेद्याची केळी घ्यायला गेले होते. कोबीच्या ओल्या पानावरून पाय घसरला आणि सगळा भार उजव्या मनगटावर आला. हात वाकडा झालेला दिसत होता. तुझ्याच केळ्यांसाठी आले आणि तूच पाडलंस, असं मी मनातल्या मनात त्याला सुनावलं. लग्नापासून रोजची पूजा याच हाताने केली होती आणि त्याचा मला थोडा तोराही होता. आता हा हात पुन्हा चंदन उगाळेल का, या विचाराने रडू फुटलं.

भोवती माणसं जमली, सल्लेही जमले. एक गृहस्थ हात ओढून सरळ करायला निघाले आणि मी तो पुढेही केला. तेवढ्यात शेजारच्या गाळ्यावर डाळिंबाच्या पेट्या भरणारी बाई मध्ये आली. "राहू द्या दादा. हाय तसाच राहू द्या." सूज चढण्याआधी तिने माझी अंगठी काढून डाव्या मुठीत दिली. मोडक्या पेटीच्या दोन फळ्यांना कागदाचं कातरण आणि फडकं गुंडाळलं, एक हाताखाली, एक वर, आणि डोक्याचा रुमाल फाडून त्या बांधल्या. मुंग्या येतात म्हटल्यावर एक गाठ सैल केली. "फळ हलू नये इतकं घट्ट, दबू नये इतकं सैल," ती म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टर त्या फळ्यांकडे बघतच राहिले. "कोणी बांधलं हे? हाडाचं टोक नसेजवळ आलंय. ओढाओढ झाली असती तर बोटं गेली असती." मग हाड बसवून त्यांनी प्लास्टर घातलं.

सहा आठवडे पूजा ह्यांनी केली. चंदन पाणचट, फुलं वाकडी. मी झोळीत हात अडकवून शेजारी बसायचे. काहीही न करता देवासमोर बसण्याची माझी ती पहिलीच वेळ होती, आणि हळूहळू ते बसणं मला आवडू लागलं.

प्लास्टर निघाल्यावर प्रसाद घेऊन मंडईत गेले. ती डाळिंबंच भरत होती. मी पाया पडायला वाकले तर ती अवघडली. "मी काय केलं ताई? नुसतं हलू दिलं नाही. जोडणारा दुसरा हाय."

मला त्या दिवशी तिथे केळ्यांसाठी नेलं की तिच्या भेटीसाठी, हे मी देवाला विचारत नाही. कृतज्ञतेने हात जोडते, दोन्ही. चंदन मी उगाळते. फुलं अजून हेच वाहतात, वाकडी. मी ती सरळ करायला जात नाही.