सगुणाबाईंची करवत

सगुणाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते दुर्गच्या बाजारात, लोखंडी सामानाच्या एका दुकानात. मी स्टोव्हच्या वाती घ्यायला गेले होते. डोक्यावर पदर, नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि समोर फळीवर मांडलेल्या कमानीच्या करवती. ही करवत म्हणजे एक लोखंडी कमान, तिच्या दोन टोकांत ताणून बसवलेलं सुतळीहून बारीक पातं आणि खाली लाकडी मूठ. फळी सरळ कापायला साधी करवत चालते. जाळी, वेलबुट्टी, वळणं काढायची तर हीच लागते.

"मिस्त्री को भेजो बाई, वो देख के ले जाएगा," दुकानदार म्हणाला.

"मिस्त्री मैंच हूँ," असं म्हणून त्यांनी पुढची करवत उचलली.

मी वाती विसरून बघत राहिले. त्या कमानीची दोन्ही टोकं मुठीत धरून दाबत आणि सोडून देत. कमान झटक्यानं मागं आली तर ठीक, नाहीतर बाजूला. मग एक डोळा मिटून पातं अडकवायच्या दोन्ही खिळ्या एका रेषेत आहेत का ते पाहत. शेवटी मूठ पिळून पातं ताणायचं आणि नखानं छेडायचं. दुकानदारानं सगळ्यात चकचकीत, खोल कमानीची करवत पुढं केली, तर म्हणाल्या, "एवढी खोल कमान हातात डोलते, भाऊ. मले पलंग नाई कापाचा." त्यांनी घेतली ती एक काळपट, ठेंगणी करवत. तिचं पातं छेडल्यावर मात्र तंबोऱ्याच्या तारेसारखं वाजलं.

येताना एकाच बसमध्ये जागा मिळाली. भिलाईच्या पोलाद कारखान्याचं बांधकाम तेव्हा जोरात होतं; खिडकीतून तांबडी धूळ आत येत होती. माझे यजमान कारखान्याच्या ऑफिसात क्लार्क, मी टाउनशिपमधल्या शाळेत शिक्षिका. सगुणाबाई टाउनशिपबाहेर कोहक्याच्या वस्तीत भाड्याच्या घरात राहत, मूळच्या भंडाऱ्याकडच्या. नवरा शिवराम क्रेनवर खलाशी, म्हणजे ओझी बांधणारा मदतनीस. बोलता बोलता त्यांनी मला जे सांगितलं, ते त्या फारसं कुणाला सांगत नसत.

"माहा बाप गावचा सुतार. उतारवयात त्याचे डोळे गेले. मंग तो बोटानं चाचपून सांगे अन् मी कापत जाओ. दार लावून. लोकाइले वाटे, आंधळा झाला तरी म्हाताऱ्याचा हात काई चुकत नाई."

"आणि तुमचं नाव?"

"माहं नाव कोन घेते? सुताराच्या घरी बाईनं दसऱ्याले हत्याराले कुंकू लावावं. हाती नाई धरावं."

हा नियम सासरी त्यांचे थोरले दीर रघुनाथ मिस्त्री यांनी पाळला होता. बांधकामावर शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीटचे लाकडी साचे ठोकणाऱ्या, सुतारांचे ते मुकादम. शिवरामला भिलाईला आणून कामाला लावणारेही तेच. त्यांच्यासमोर सगुणाबाईंनी कधी तोंड उघडलं नव्हतं. वडील वारले तेव्हा हत्यारं भावांनी वाटून घेतली. आता कितीतरी वर्षांनी त्यांनी स्वतःची करवत घेतली होती, आणि बसमध्ये ती पदराखाली धरली होती.

आमची मैत्री जमली. सुटीच्या दिवशी मी कोहक्याला जाई. त्या भुईवर बसून, पाटाच्या खाचेत फळी धरून कापत असत. करवत उभी, मूठ खाली. कामाबरोबर तोंडही चालू. "ढिल्लं पातं अन् ढिल्लं बोलणं, दोन्ही रेघेवर चालत नाई." किंवा, "जोर नोको लावू बाई. करवतीले जाऊ दे, तिले रस्ता मालूम हाय." एकदा मी घाईनं कापायला गेले आणि पातं मोडलं. मला वाटलं रागावतील. त्या हसून म्हणाल्या, "मोडलं म्हंजे तुमी खरंच कापून राहिल्या होत्या."

त्याच सुमारास आमच्या शाळेत एक अडचण उभी राहिली. हस्तकलेच्या तासाला सुतारकाम होतं, हत्यारांची पेटी होती, पण शिकवायला माणूस नव्हता. हाताला रंधा माहीत असलेला जो तो कारखान्याच्या बांधकामावर गेला होता. हेडमास्तर वर्ग बंद करायच्या बेतात होते. मी सगुणाबाईंचं नाव सुचवलं. ते चमकले, पण माणूस सरळ होता. म्हणाले, "परीक्षा घेऊ. मात्र मला लाकडातलं कळत नाही. एखादा जाणता कारागीर बोलावतो, तो सांगेल ते खरं."

सगुणाबाई दोन दिवस हो-नाही करत राहिल्या. शेवटी शिवरामच म्हणाला, "तू जाय. दादाले मी पाहून घेईन."

परीक्षेच्या दिवशी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात पोचलो, आणि सगुणाबाईंनी माझा दंड घट्ट पकडला. हेडमास्तरांच्या शेजारच्या खुर्चीवर रघुनाथ मिस्त्री बसले होते. हेडमास्तरांना नातं ठाऊक नव्हतं आणि मिस्त्रींना उमेदवार कोण ते सांगितलेलं नव्हतं. भावजयीला पाहून त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. मला वाटलं, आता ते उठून जाणार. ते उठले नाहीत. त्यांनी सागाची पातळ फळी ओढली आणि पेन्सिलीनं धानाची लोंबी काढली. वाकलेली, दाण्यादाण्यानं सुटी, मान काडीएवढी. मला त्यातलं थोडंफार कळू लागलं होतं. ती लोंबी कुणालाही अडवायलाच काढलेली होती.

सगुणाबाईंनी फळी हातात घेतली. उजेडात फिरवली. मग पदर सावरून, खाली बघतच, पण व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या,

"भाऊजी, मानेपाशी लाकडाचे धागे आडवे हायेत. मान तुटन. लोंबी उभी काढून द्या."

दिरांशी बोललेलं ते त्यांचं पहिलं वाक्य.

मिस्त्रींनी फळी परत घेतली. अंगठ्यानं चाचपली. पेन्सिलीची रेघ पुसली आणि लोंबी उभी काढून दिली.

मग सगुणाबाई भुईवर बसल्या. फळीला बारीक भोक पाडलं, पातं सोडवून त्यातून ओवलं, पुन्हा ताणून बसवलं. भुसा मांडीवर पडत होता. वर्ग सुटले, मुलं खिडक्यांना लटकली. मानेजवळ आल्यावर त्यांनी हात हलका केला, फळी करवतीभोवती हळूहळू फिरवली. एकेक दाणा सुटा होत गेला. शेवटी त्यांनी लोंबी फुंकून भुसा उडवला आणि ती दिरांच्या पायाशी ठेवली. अखंड.

रघुनाथ मिस्त्रींनी ती उचलून उन्हात धरली.

"माह्या बापानं मले पहिली लोंबी कापाले देल्ली, तं मी तोडली होती," ते हेडमास्तरांना म्हणाले. "हिनं नाई तोडली. ठेवा इले, मास्तर. अन् मास्तरांच्या पाटीवर नाव लिहा. सगुणा शिवराम. आमच्या घरची हाय."

खिडक्यांतल्या मुलांनी एकच गलका केला. सगुणाबाई मात्र तिथंच बसून राहिल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मीही रडले.

पुढं त्यांनी किती मुलं शिकवली, मुलींनाही सुतारकामाच्या वर्गात बसवून घ्यायला हेडमास्तरांना कसं वळवलं, ते सांगत बसले तर दिवस पुरणार नाही. आज त्या नाहीत. पण त्यांची आठवण निघाली की मला त्यांचा शाळेतला पहिला दिवस दिसतो.

सकाळची पाळी सुरू व्हायची वेळ. रस्ताभर सायकलीच सायकली, कामगारांचे लोंढे. त्या गर्दीतून शिवराम सायकल रेटत आला, मागच्या कॅरिअरवर सगुणाबाई. शाळेच्या फाटकापाशी त्या उतरल्या, लुगडं नीट केलं आणि बाजूच्या लहान दरवाजाकडं वळल्या. शिवरामनं भर रस्त्यात ओरडून विचारलं,

"तिकडून कावून? मास्टरीण हाय तू! मोठ्या फाटकातून जाय!"

ओळखीचे दोघे-चौघे कामगार सायकली थांबवून हसले, कुणीतरी टाळी वाजवली. सगुणाबाई लाजल्या, थबकल्या. मग मागं वळून दोन्ही हातांनी मोठं फाटक सताड उघडलं आणि आत गेल्या.