पहिला घोट

जवळच्या उतई गावाहून सायकलवर मोहाची दारू घेऊन तो भिलाईत आमच्या क्वार्टरमागच्या चिंचेखाली थांबायचा. आमच्यासारखाच भंडाऱ्याकडचा. दारू गाळणं त्याच्या घरात आज्यापासून चालत आलेलं, पण स्वतः थेंबभर घेत नसे. बाटली उघडली की बोट बुडवून त्याला काडी लावायचा आणि माल अस्सल असल्याची खूण म्हणून निळी ज्योत आम्हाला दाखवायचा. "आमच्या घरी गाळणारा पेत नाही जी. पेला का हात बिघडला समजा." मग बोट सावकाश विझवायचा, जणू ते दुसऱ्याचंच होतं.

पुढे एका वस्तीत कुणाची तरी विषारी दारू पिऊन माणसं मेली. याचा संबंध नव्हता. तरी शिफ्टवरून येताना त्याची सायकल दिसली की आम्ही रस्ता बदलू लागलो. ज्योत कुणाला पटेना. एकानं तोंडावर विचारलं, "तूच पेत नाही, तर आमाले कावून पाजून राहिला?"

त्यानं बाटली उघडली, डोळे मिटले आणि घोट घेतला. "पाहून घ्या. मेलो का मी?"

तेव्हापासून प्रत्येक बाटलीतला पहिला घोट त्याचा. गिऱ्हाईक परतलं. वर्षभरात त्याचे हात इतके कापू लागले की काडी पेटेना. मग तो यायचाच थांबला.

पोळ्यानंतर चिंचेखाली ती सायकल पुन्हा दिसली. धरून त्याची बायको उभी होती. कपाळावर कुंकू नव्हतं. कुणी काही विचारायच्या आत तिनं बाटलीचं बूच काढलं, डोळे मिटले आणि घोट घेतला.

आम्ही ग्लास पुढे केले.