सुधाचा हुंकारू

मेथी निवडत बसले होते, तेव्हा सुधाच्या भाच्याचा फोन आला. "आंटी, आत्या नहीं रही." मराठी सगळी समजते त्याला, पण बोलणार हिंदीत, एरवी मी त्याला टोकल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी नुसतं "हो" म्हणाले आणि मेथी निवडत राहिले...

सुधा माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. रायपूरच्या तात्यापाऱ्यातली, बिनलग्नाची, समोरच्याला बोलू न देणारी. रायपूर राजधानी झालं, मोठाले दवाखाने उभे राहिले, तरी खेड्यातल्या बाया कॅन्सरची गाठ पार फुटल्यावरच तिथे पोचायच्या. असं का, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं म्हणून एका संस्थेसाठी सुधा टेपरेकॉर्डर घेऊन बीरगांवच्या पलीकडची गावं हिंडायला लागली. कॅन्सरने माणूस गेलेलं घर गाठायचं, ओसरीवर बसायचं आणि ऐकायचं. संस्थेची ताकीद होती, मध्ये बोलायचं नाही, टेप स्वच्छ हवी. सुधा आणि गप्प! ही मौज बघायला मी एकदा तिच्याबरोबर गेले.

सून गमावलेली एक म्हातारी होती. दोन वाक्यं बोलली आणि थांबली. "सुनत हस के नइ, नोनी?" ऐकतेस की नाही, पोरी? तिकडे गोष्ट सांगणाऱ्याला समोरच्याने "हव, हव" म्हणत हुंकारू द्यायचा असतो, नाहीतर गोष्ट पुढे जात नाही. सुधा हळूच म्हणाली, "हव." मग म्हातारी बोलत गेली. सुनेने छातीतली गाठ लपवली होती. आधी दिवाळी होऊ दे, मग धान कापून होऊ दे, मग दिराचं लग्न होऊ दे... परतताना सुधा भडकली होती. "मरून राहिली होती ते, अन् म्हणे एवढं होऊ दे! जिथं जाव तिथं हेच!" पुढे संस्थेने तिच्या हवबद्दल कुरकुर केली, पण तिने काही तो सोडला नाही.

मग तिचाच आवाज बसला. अंगावरचे कपडे ढगळ दिसायला लागले.

"काय झालं गं तुले?"

"मले काय धाड भरली! गावातली धूळ खाऊन राहिली."

"डॉक्टरले दाखव."

"दाखवीन ना. हे दोन गावं राहिले, एवढं होऊ दे."

बोलली आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग ती हसली. तिने किती बायांच्या तोंडून ते ऐकलं होतं, सगळं कळून सवरून तीही तेच म्हणाली, याचा मला राग आला. अजून येतो. दवाखान्यात नेली तेव्हा तिला बोलताच येत नव्हतं. काहून लपवलं, हे विचारायचं राहूनच गेलं.

भाच्याने तिच्या टेपा माझ्याकडे, समता कॉलोनीत आणून दिल्या. दुपारी जेवणं आटोपली की मी एकेक लावते. बाया बोलतात आणि त्यांच्या मागून सुधा येते, हव... हव... कधी कधी मी दाराकडे बघते. शेवटच्या टेपेवर मात्र हव नाही. तिथे एकच आवाज आहे, घासलेला, सुधाचा.

"आंघोळ करतानी गाठ लागली हाताले." मग शांतता.

"सांगायचं होतं कोणाले तरी." पुन्हा शांतता.

आधी वाटलं, टेप बिघडली. मग कळलं, ती थांबत होती. घरात एकटी बसून बोलत होती आणि दर वाक्यानंतर हुंकारूपुरती जागा सोडत होती.

आता ती जागा आली की मी म्हणते, "हव."

"भेव वाटून राहिलं होतं मले. खूप भेव."

"हव."

"म्हणून गेली नाही. गावांचं तर निमित्त होतं."

"हव, सुधा."

ती श्वास घेते, पुढचं सांगायला घेतात तसा. मी पुन्हा "हव" म्हणते. पण टेप तिथेच संपते.