बोरू कुठून शिरला

कॉलेजात असताना मी रोज सायकलवरून चंद्रपूरच्या जटपुरा दरवाज्यातून जायचे, पण मनात मात्र घोड्यावर असायचे. ओढणीचा शेला व्हायचा, कॅरिअरला बांधलेल्या वह्यांचे खलिते व्हायचे आणि दरवाज्यावरचे पहारेकरी मला पाहून भाले खाली करायचे. गोंडराजांच्या चांद्याचं, म्हणजे जुन्या चंद्रपूरचं, मला वेडच होतं. बाकीच्या मुलींना सिनेमातले नट आवडायचे, मला दोन-अडीचशे वर्षांपूर्वी मेलेली माणसं आवडायची. मैत्रिणी म्हणायच्या, हिला नवरा म्युझियममध्ये शोधावा लागणार.

पुढे मूलच्या शाळेत नोकरी लागली. जिल्ह्याचे नुकतेच दोन झाले होते, पण वर्गातला नकाशा अजून एकच होता. गडचिरोली मी खडूने तोडून दाखवायचे. पहिल्याच स्नेहसंमेलनात मी चांद्याचा दरबार बसवला. साड्यांचे फेटे, बेगड लावलेल्या तलवारी, हेडमास्तरांची खुर्ची सिंहासनाला. राणीला मी घोटून घोटून चालायला शिकवलं, कारण ते चालणं माझं लहानपणापासूनचं होतं. पडदा पडला तेव्हा मी हवेत होते.

मग दोन माणसांनी मला जमिनीवर आणलं. पहिले एक म्हातारे गृहस्थ. जुन्या मालगुजाराकडे, म्हणजे गावाच्या जमीनदाराकडे, दिवाणजी म्हणून त्यांची उमर गेली होती. जवळ येऊन म्हणाले, "बाई, सारं झकास. पन राजाचं पत्र कोरं काऊन होतं? मी पुढच्याच रांगेत बसलो होतो. मले सांगतं तं मोडीत लिहून देलं असतं ना."

दुसरे माझे वडील. ते लाकूड डेपोत नोकरीला होते आणि नाटक-बिटक त्यांना आवडत नसे, पण लेकीसाठी आले होते. घरी जाताना म्हणाले, "दरबार चांगला झाला. फक्त एक सांग. त्या दरबारात तू कुठी उभी राह्यली असती?"

"म्हणजे?"

"आपन छप्पन साली बौद्ध झालो. त्याच्या पहिले आपल्याले जे म्हनत, ते मानूस त्या दरबारात कुठी उभं राहे? तुह्या पुस्तकात असन ना."

नव्हतं. पुस्तकात राजे होते, राण्या होत्या, परकोटाची उंची होती. आम्ही नव्हतो. रागाने मी त्या दिवशी जेवले नाही. राग वडिलांवर नव्हता, त्यांचा प्रश्न मला आधी सुचला नाही याचा होता. इतकी वर्षं मी खुशाल घोड्यावर बसून दरवाज्यातून जात होते!

दिवाणजींना सगळे भाऊ म्हणायचे, मीही म्हणू लागले. त्यांच्याकडे मालगुजारांचं जुनं दप्तर लाल रुमालात बांधलेलं होतं. त्यातले काही कागद भोसल्यांच्या अमलातले. ते वाचू शकणारं आमच्या भागात दुसरं कुणी मला सापडलं नाही. आणि भाऊंना काचबिंदू झाला होता. नागपूरच्या डॉक्टरने हात वर केले होते. कडांची नजर आधीच गेली होती, मधला तेवढा तुकडा उरला होता. त्या तुकड्यातून ते बोटाखालची ओळ वाचायचे.

शाळा सुटली की मी थेट त्यांच्या ओसरीवर. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग अक्षरं तिच्याखाली लटकवत जातात. बोरू उचलायचा नाही. शब्द संपला म्हणून थांबायचं नाही, शाई संपली की थांबायचं. मुळाक्षरं मी भराभर शिकले, पण पुस्तकातली मोडी वेगळी आणि कारकुनाची घसीट वेगळी. घसीट पाहून मला रडू यायचं. भाऊ हसायचे, "मास्तरीनबाई, हे घाईत लिहिलं हाय. तू बी घाई करून राह्यली. दोन घायांचं कसं जमन?" पण घाई मी नाही करायची तर कुणी करायची? त्यांना वात दिसायची तेव्हा कंदील दिसायचा नाही.

त्यांचं वाचणं ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मध्येच ते खाकरायचे. खाकरताना बोट पुढे सरकायचं, आवाज मात्र नाही. बोट चार अंगुळं जायचं आणि मग आवाज पुन्हा सुरू व्हायचा. आधी वाटलं, कफ असेल. मग एका महजरावर, म्हणजे शिवेच्या भांडणात सगळ्या गावाने मिळून दिलेल्या साक्षीच्या कागदावर, खाली निशाण्या दिसल्या. पाटलाचा नांगर होता. त्याच्या बाजूला विळा आणि दोर.

"हा विळा कुणाचा?"

"असंच. नक्षी हाय."

मी इतिहासाची बाई होते, विळा-दोर कुणाची निशाणी ते मला पाठ होतं. त्यावर ते खाकरले, आणि मला सगळं कळलं. जिथे जिथे भाऊ खाकरत होते, तिथे तिथे आम्ही होतो.

मी विनवलं, भांडले. "भाऊ, जे गाळलं ते वाचा. मला तेच पाहिजे."

"त्याच्यात तुह्या कामाचं काई नाई."

"ते मी ठरवीन."

त्यांनी कागद रुमालात बांधायला घेतले. "पोरी, तू माह्या ओसरीवर बसते, माह्या घरचा चहा पेते. तुह्यापुढं तो शब्द मी तोंडातून कसा काढू? मले शरम वाटते."

चांगुलपणाशी कसं भांडायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी मला शिवी दिली असती तर मी उत्तर दिलं असतं. मी रोज जात राहिले. रोज ते वाचायचे, रोज खाकरायचे, आणि रोज त्यांच्या नजरेचा तुकडा आणखी लहान व्हायचा. घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून ओरडायचे. शेवटी एका दुपारी मी पान समोर धरलं, तर ते म्हणाले, "आज कोरं काऊन धरलं?"

पान कोरं नव्हतं.

ते दप्तर त्यांनी मलाच देऊन टाकलं. त्या वर्षीची उन्हाळ्याची सुट्टी मी एका ओळीवर काढली, निशाण्यांच्या वरच्या. शेवटी ती लागली. अमक्या महाराने शीव चालून दाखवली आणि सगळ्या गावाने ती मान्य केली, असा तिचा अर्थ होता. पाटीलही मागून चालले होते. म्हणजे भाऊ अपमानावर खाकरले होते, तसेच मानावरही खाकरले होते. शब्द दिसला की गाळायचा, एवढंच.

मी धावत जाऊन वडिलांना सांगितलं, "तो सगळ्यांच्या पुढे उभा होता!"

वडील शांतपणे म्हणाले, "पुढं होता म्हनते? मंग शीव चुकली असती तं मार बी त्यालेच पहिले." आणि मग, "नाव काय त्याचं?"

नाव लागत नव्हतं. तीन अक्षरं, एकात एक गुंतलेली. तीन-चार नावं बसत होती आणि ती सगळी आमच्या मोहल्ल्यात होती. वडील आता रोज डेपोतून आले की चपला काढता काढता विचारायचे, "लागलं का नाव?" ज्या माणसाला इतिहासाचा कंटाळा होता, तो नावासाठी माझ्या तोंडाकडे बघत उभा राहायचा. मला घरी जाणं नको झालं.

मी पुन्हा भाऊंकडे गेले. विचारायचा माणूस समोर बसला होता, डोळे उघडे ठेवून. मी त्यांचा तळहात मांडीवर घेतला आणि बोटाने त्यावर ते नाव काढलं.

"परत काढ," ते म्हणाले.

मी परत काढलं.

"असं नाई. बोरू कुठून शिरला ते सांग. वरून आला का खालून? मंग मी अक्षर सांगतो."

मला माहीत नव्हतं. मला आकार दिसत होता, चाल दिसत नव्हती. मी वरून काढलं, खालून काढलं, उलटं काढलं. त्यांचा हात घामाने भिजला, माझं बोट घसरायला लागलं. "भाऊ, आठवा. तुम्ही हे पान कितीदा तरी वाचलंय. एकदा तरी मनात वाचलं असेल!"

"तवाच वाचाले पायजे होतं," ते म्हणाले आणि रडायला लागले. मीही रडत होते, पण बोट थांबवलं नाही.

मग त्यांनी डोळे मिटले आणि एक नाव सांगितलं, अगदी स्पष्ट.

ते माझ्या आजोबांचं नाव होतं. त्या तीन अक्षरांत ते बसत होतं. पण आजोबांचं नाव मीच त्यांना कधीतरी चहा पिताना सांगितलं होतं.

मी त्यांचा हात सोडला नाही. "भाऊ, हे तुम्ही वाचलं, का मला देऊन राह्यले?"

त्यांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेने वळवली.

"तुले पायजे होतं ना, बाई," ते म्हणाले.