पाचटात बसलेली माय

आज साक्रीहून परतताना जळक्या पाचटाचा गोडूस, कडवट धूर नाकात शिरला. ऊसतोड झाल्यावर कुणीतरी शेत पेटवलं होतं. त्या धुरात मला माझी माय दिसली.

तेव्हा आमच्याकडेही हीच रीत होती. तोडीनंतर उरलेला वाळका पाला जाळायचा आणि बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, खोडव्याला, युरियाच्या गोण्या ओतायच्या. ऊस मात्र दरसाल बारीक होत चाललेला. त्या दुपारी नाना, म्हणजे माझे वडील, काडेपेटी घेऊन बांधावर आले, तर माय शेताच्या मधोमध पाचटात मांडी घालून बसलेली. शेजारी बघायला जमले.

"येडी व्हयनी का? उठ, लोके हासी राह्यनात!" नाना ओरडले.

"पेटाडा मंग. मी आठेच बठस." तिथून उठायला माय तयार नव्हती.

मी तेव्हा लाजेने अर्धमेली झाले होते. आज तेच सांगताना अभिमानाने माझा आवाज चढतो. नानांनी काडेपेटी खिशात टाकली.

पाचट कुजून त्याचंच खत व्हावं म्हणून मायने त्यावर शेणखत पसरलं, वरून बेताचाच युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकून पाणी सोडलं. त्या शेतात पुन्हा कधी काडी पेटली नाही. आज तिथली माती नुसत्या हाताने उकरता येते.

आणि त्या वर्षीचा खोडवा? असा माजला की बघायला आत शिरलेले नाना दिसेनासेच झाले. उसातून नुसता आवाज आला, "अवं, वाट कोठे शे?"

माय बांधावर ऐसपैस मांडी घालून बसली होती. तिथूनच तिने हाळी दिली,

"या इकडे. मी आठेच बठेल शे!"