घरातलं बोलणं परत आणलं

“हा आजार नाही, अम्मा. औषध देऊन घालवण्यासारखं यात काही नाही,” डॉक्टर म्हणाल्या आणि रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर. म्हणजे आमच्या सात वर्षांच्या रेवाचा मेंदू आवाज, उजेड, माणसं हे सगळं वेगळ्या पद्धतीने घेतो. मी मान डोलावली, पण डोक्यात काही शिरलं नव्हतं. बाहेर येऊन आधी रडून घेतलं. तुमच्यावर ही वेळ आली तर तुम्हीही घ्या, लाजू नका.

आम्ही मूळचे साताऱ्याचे. माझे यजमान, मिलिंद, चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात लागले, म्हणून इकडे आलो. रेवा दुसरीत. वर्गात मध्येच कान झाकून बाकाखाली जाऊन बसायची. काय झालं विचारलं की गप्प.

शेवटी बाईंनी आम्हाला बोलावलं. “घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, शाळेत इंग्रजी. मुलीचा गोंधळ होतोय. घरी फक्त इंग्रजी बोला.” आणि वर्षअखेरपर्यंत फरक पडला नाही तर दुसरी शाळा बघा, असंही म्हणाल्या.

आम्ही घाबरलो आणि घरात मराठी बंद केली. माझं इंग्रजी बँकेचा फॉर्म भरण्यापुरतं. ‘ड्रिंक मिल्क’, ‘कम फास्ट’, ‘स्लीप नाऊ’ असे दिवसभर नुसते हुकूम सोडत होते. साताऱ्याला माझ्या आईलाही फोनवर ‘हाउ आर यू’ म्हणायला शिकवलं. तेवढं म्हणून ती बिचारी फोन बाबांकडे द्यायची. चार महिन्यांत रेवा घरातही बोलेनाशी झाली, तेव्हा आम्ही हॉस्पिटल गाठलं.

तीन सकाळी तपासण्यांत गेल्या. ऑडिओमेट्री, म्हणजे कान नीट ऐकतात का ते पाहणं. कान उत्तम निघाले. मग ठोकळे, चित्रं आणि आम्हाला शंभर प्रश्न. बाहेरच्या बाकांवर आमच्यासारखेच आईबाप बसलेले असायचे, एकमेकांकडे न बघता.

निदानानंतर आम्हाला सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. घरी कसं इंग्रजीच बोलतो, हे मी त्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “दोन-तीन भाषांनी ऑटिझम होत नाही, मा. तुम्ही जिच्यात लाड करता, रागावता, तीच भाषा तिच्याशी बोला. नाहीतर दुखलं-खुपलं ती सांगणार कशात?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्या आल्या म्हटलं, “रेवा, भूक लागली का गं?” तिने नुसतं बघितलं. चमत्कार वगैरे काही झाला नाही. दर शनिवारी प्ले थेरपी, म्हणजे खेळता खेळता मुलाला मोकळं करणं, आणि घरी आमची बडबड.

सहाव्या आठवड्यात मी कणीक मळत असताना ती शेजारी येऊन म्हणाली, “घंटा डोक्यात जाते. मग मी बाकाखाली जाते.”

शाळेची घंटा तिच्या वर्गाच्या दाराशीच होती! चोर सोडून आम्ही संन्याशाला फाशी दिलं होतं. पिठाच्या हातांनीच तिला जवळ घेतलं. पीठ लागलेलं तिला मुळीच आवडलं नाही.

सायकॉलॉजिस्टनी शाळेला पत्र दिलं आणि स्वतः बाईंशी बोलल्या. रेवाची जागा दारापासून लांब गेली. घंटेआधी बाई खूण करतात, ती कानांवर जाड हेडफोन चढवते. बाई मला म्हणाल्या, “हट्टी आहे असंच मी समजत होते. सॉरी, मा.” मनाचा मोठेपणा लागतो त्याला. रेवा त्याच शाळेत तिसरीत गेली.

ती ‘बरी’ झालेली नाही, व्हायचीही नाही. लग्नकार्यात अजूनही आमच्यापैकी एकजण तिला घेऊन बाहेर बसतो. ते आता अंगवळणी पडलंय. शाळेने काही सुचवलं तर जरूर ऐका, पण घरातलं बोलणं कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका.

परवा ती मिलिंदला वर्गातल्या पालीची गोष्ट सांगत होती. ती अडखळली, तसं मी घाईने पुढचा शब्द पुरवला.

“आई, थांब. माझं मी सांगते.”

मी थांबले. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी गप्प बसले नव्हते.