गढीतल्या दोनशे मेणबत्त्या

कस्तुराबाईच्या दहा समयांवाचून शिरपुरात लग्न लागत नसे की गोंधळ उभा राहत नसे. भाडं ती घेत नसे. मानानं बोलावणं यावं, एवढंच तिचं म्हणणं. वात किती जाड वळायची, वारा सुटला तर समई कुठे सरकवायची, हे गाव तिलाच विचारी.

१९२९ च्या वैशाखात मुंबईची एक फिल्म कंपनी गावाबाहेरच्या पडक्या गढीत जुन्या राजाचा चित्रपट काढायला आली. दरबारासाठी समया हव्यात, असा निरोप आला. कस्तुराबाईनं त्या तीन दिवस चिंच लावून घासल्या आणि नवरा जगदेव याला घेऊन गढीवर नेल्या. डायरेक्टरसाहेबांनी एक समई बुटाच्या टोकानं बाजूला सारली.

"हे गावठी डबडं कोण बघणार? दोनशे मेणबत्त्या लावा!"

"साहेब, त्या राजाच्या घरी मेणबत्त्या कुठच्या?" कस्तुराबाईनं विचारलं.

"तुला कोणी विचारलं? पडद्यावर मेणबत्तीच शोभते."

जमलेलं गाव हसलं. समया घरी परत नेताना जगदेव वाटेत म्हणाला, "जाऊ दे व."

"समईले पाय लावला त्यानं. मी नाही जाऊ देत."

त्या काळी चित्रण सूर्याच्या उजेडावर चाले, म्हणून दरबाराला छत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच कामगारांनी मेणबत्त्या खोचायला घेतल्या. कस्तुराबाई समोरच्या निंबाखाली येऊन बसली होती. जगदेव कुजबुजला, "अवं, या उन्हात ह्या टिकत नाहीत. सांगून येतो."

तिनं त्याच्या धोतराचा सोगा धरला. "चूप बसा. एक शबद काढला तं आठ रोज चूल पेटनार नाही."

बारा वाजता पहिली मेणबत्ती कलली. राजाच्या मिशा चिकटवून होईतो दोनशेच्या दोनशे माना खाली घालून उभ्या.

"हे काय झालं?" साहेब ओरडले.

"दरबार हाय ना साहेब," निंबाखालून आवाज आला, "मुजरा करून राह्यल्या!"

आता गाव साहेबांना हसलं. राजा झालेला नट संध्याकाळी वाशीमहून गाडी धरणार होता. साहेब घाम पुसत निंबाखाली आले.

"बाई, त्या समया द्या."

"मोठ्यानं बोला. काल मोठ्यानं बोलले होते."

ते मोठ्यानं बोलले.

"पाय लावला ते?"

"चुकलं," साहेबांनी हात जोडले. जगदेव समया आणायला उठला.

"तुमी कुठं निंगाले? मी देईन म्हनलं का?"

साहेब हात जोडून तसेच उभे राहिले. ती कललेल्या एकेका मेणबत्तीकडे बघत तंबाखू मळत होती. शेवटी बिनदिव्याचाच दरबार भरला, आणि तिनं तोही बसून पाहिला.

घरी जाताना जगदेव म्हणाला, "मानूस कितीक वेळ हात जोडून उभा होता व. उठून नाही म्हनून टाकतीस."

"लवकर उठली असती," कस्तुराबाई म्हणाली, "तं तेवढाच कमी उभा राह्यला असता."